अकराव्या ओळीतले काका

डोळे मिटा आणि एक डोंगर मनात उभा करा. फार उंच नको. पायथ्याच्या भातखाचरातून वर बघताना मान जरा मागे टाकावी लागेल, एवढाच. आता त्याच्या उतारावर शेतासारख्या पायऱ्या पाडा, आणि प्रत्येक पायरीवर थडग्यांची एकेक ओळ मांडा. सगळी थडगी सारखी, तुमच्या कमरेएवढी, करड्या दगडाची. प्रत्येकाच्या माथ्यावर पाच टोकांची एक चांदणी. मोजू लागलात तर चौथ्या ओळीपर्यंत पोचाल आणि आकडा हरवाल.

हिएनचा आकडा हरवत नसे. अठरा ओळी, सोळाशे बावन्न थडगी. व्हिएतनामच्या अगदी वरच्या टोकाला, सीमेजवळ तिचं गाव होतं आणि तो डोंगर तिच्या शाळेच्या पाठीशीच होता. सकाळी धुकं असलं की डोंगर दिसायचाच नाही. मग ऊन वर येई, धुकं खालून विरत जाई, आणि एक ओळ, दोन ओळी, पाच ओळी अशी थडगी उजेडात येत. मुलं प्रार्थनेला उभी असली की त्यांना वाटे, वरती कुणीतरी आपल्याहून मोठी शाळा भरवली आहे आणि तिथली मुलं आपल्यापेक्षा कितीतरी शहाण्यासारखी, न हलता उभी आहेत.

त्या शाळेत एक रीत होती. दुसरीत गेलं की प्रत्येक मुलाला एक थडगं मिळायचं. मास्तर हिरव्या शिपाई टोपीत चिठ्ठ्या टाकायचे आणि मुलं एकेक उचलायची. दर शनिवारी वर जायचं, आपलं थडगं झाडायचं, शेवाळ खरवडायचं, तीन उदबत्त्या लावायच्या. त्या शाळेत असेपर्यंत ते थडगं तुमचं.

हिएनच्या चिठ्ठीवर होतं, ओळ अकरा, क्रमांक सात. ती धावत वर गेली. दगडावर लिहिलं होतं, ‘शहीद. नाव अद्याप कळलेलं नाही.’

“तुझ्या शहिदाला नावच नाही!” तिच्या वर्गातला फोंग ओरडला. त्याच्या थडग्यावर नाव, गाव, पलटण सगळं सोनेरी अक्षरांत होतं. “याची हजेरी कशी घेणार गं? ‘अमुक अमुक’, ‘हजर सर’?”

पोरं खो खो हसली. हिएन रडत आजोबांकडे गेली. तिचे सिन आजोबा त्या डोंगराचे राखणदार. दिवसभर हातात डबा आणि बारीक कुंचला घेऊन ते पुसट झालेली नावं पुन्हा रंगवत असायचे.

“मला दुसरं थडगं द्या,” ती म्हणाली.

आजोबांनी अर्धवट रंगवलेलं अक्षर आधी पुरं केलं. मग म्हणाले, “पुन्हा वाच बरं दगडावर काय लिहिलंय ते. नाव नाही, असं लिहिलंय?”

“नाही. अद्याप कळलेलं नाही, असं.”

“म्हणजे नाव आहे. त्याच्या आईनं ठेवलेलं, हाक मारलेलं चांगलं नाव आहे. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. मग रुसायचं कुणी, त्यानं का तू?”

हिएन नाक पुसत परत गेली. थडग्यापुढे उभी राहिली आणि हाक काय मारायची ते तिला कळेना. शेवटी म्हणाली, “काका, मी हिएन. आता दर शनिवारी मी झाडणार इथं.”

चार वर्षं ती झाडत राहिली. झाडता झाडता बोलत राहिली. डुकरिणीला नऊ पिल्लं झाली ते. फोंगचा पुढचा दात पडला आणि तो शिट्टी वाजवल्यासारखा बोलतो ते. आई खालच्या मुलखात बुटांच्या कारखान्यात कामाला आहे आणि आता नववर्षालाच घरी येईल, ते. हे शेवटचं ती घरी कुणाला सांगत नसे, कारण घरात सगळ्यांना ठाऊकच होतं आणि कुणी ऐकून घेत नसे. काका ऐकून घेत.

मग एका मे महिन्यात तालुक्याहून पत्र आलं. तीन वर्षांपूर्वी बिननावाच्या थडग्यांतल्या हाडांचे नमुने तपासायला नेले होते. त्यातला एक जुळला होता. ओळ अकरा, क्रमांक सात. दोआन वान ख्वे, वय वीस, समुद्राकाठच्या एका गावचा. त्याची आई हयात होती. ब्याण्णव वर्षांची. घरचे लोक येणार होते आणि त्याला गावी नेणार होते.

सगळ्यांनी हिएनची पाठ थोपटली. मास्तरांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. जणू तीच परीक्षेत पहिली आली होती.

“आता तुला काय, खड्डाच राहणार,” फोंग हळूच म्हणाला. “पाणी सोड त्यात आणि मासे पाळ.”

हिएन हसली नाही, रडलीही नाही. शनिवारी तिनं आजोबांच्या पाकिटातून तीन सिगरेटी काढून घेतल्या. वर येणारे म्हातारे शिपाई आपल्या मित्रांच्या थडग्यांवर सिगरेट पेटवून ठेवतात, हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. तिनं तिन्ही पेटवल्या, खोकली, आणि दगडावर ओळीनं ठेवल्या.

“काका, ह्या तुम्हाला,” ती म्हणाली. “पण जाऊ नका. ते विचारायला येतील, तेव्हा नाही म्हणा. नक्की हं.”

विचारतात हे तिला ठाऊक होतं. त्या मुलखात मेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हलवत नाहीत. दोन जुनी नाणी घेतात, एका बाजूला चुना लावून पांढरी करतात, आणि ताटलीत टाकतात. एक पांढरं नि एक काळं पडलं तर हो. दोन्ही पांढरी पडली तर तो हसतोय, पुन्हा विचारा. दोन्ही काळी पडली तर नाही.

सातव्या दिवशी ते लोक आले. एक पांढरी गाडी, सातआठ माणसं, आणि मागच्या सीटवर तांदळाच्या पोत्यासारखी एका कोपऱ्यात कललेली एक म्हातारी. ती लुआ आजी, ख्वेची आई. पान खाऊन तिचे दात काळे कुळकुळीत झाले होते. तिचा धाकटा मुलगा तोआय आता स्वतःच चोपन्न वर्षांचा होता. त्यानं तिला पाठुंगळी घेतलं आणि तो पायऱ्या चढू लागला.

पहिल्या ओळीपाशी म्हातारीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. “थांब.”

“आई, आपली अकरावी ओळ. अजून वर.”

“कळतं मला. थांब म्हणते ना.” तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मान वर करून डोंगर पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. “हे सगळे?”

“सगळे.”

“माझ्या ख्वेच्याच वयाचे?”

सिन आजोबा बाजूला उभे होते. ते म्हणाले, “बहुतेक तेवढेच, ताई. कुणी अठरा, कुणी बावीस. सीमेवरच्या लढाईत त्या समोरच्या कड्यावर गेले आणि तिथंच राहिले. तेव्हा मीही त्यांच्यातच होतो. मी खाली आलो.”

म्हातारीनं कमरेची पिशवी चाचपली. “तोआय, उदबत्त्या किती आणल्यात?”

“पुष्कळ आहेत. चार पुडे.”

“गाढवा, चार पुड्यांत काय होतंय? एवढ्या पोरांच्या मधून जायचं आणि एकट्या आपल्याच लेकराच्या हातावर खाऊ ठेवायचा? त्यांनाही आया आहेत. जा, आणखी आण.”

तोआय गावातल्या दुकानात गेला आणि होत्या नव्हत्या तेवढ्या उदबत्त्या घेऊन आला. शाळेतली मुलंही धावत आली. मास्तरांनी ओळी वाटून दिल्या. फोंगला तेरावी आणि चौदावी मिळाली. तो एका वेळी मूठभर पेटवून पळत सुटला, मग आजोबांनी डोळे वटारले तेव्हा चालू लागला. सोळाशे बावन्न. एकेका थडग्यापुढे थांबायचं, मान झुकवायची, उदबत्ती खोवायची, पुढे जायचं. पाऊण तासात मुलांचं बोलणं आपोआप थांबलं. कुणी गप्प बसा म्हणालं नव्हतं.

हिएन अकराव्या ओळीच्या टोकाला उभी राहून हे पाहत होती. वारा पडला होता. प्रत्येक थडग्यातून धुराची एक बारीक दोरी सरळ वर चढत होती, आणि वर कुठंतरी त्या सोळाशे दोऱ्या एकमेकींत मिसळून डोंगराएवढा एकच निळसर पडदा झाला होता. एवढी वर्षं ती या डोंगरावर खेळली होती. ह्या सगळ्यांना एकाच वेळी कुणी हाक मारलेली तिनं कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आता हे सगळे मान वळवून बघतील. आणि तिला त्या तीन सिगरेटी आठवल्या.

काकांच्या थडग्यापुढे चटई अंथरली होती. चिकट भात, उकडलेली कोंबडी, तांदळाच्या दारूचे तीन पेले. लुआ आजीनं आपल्या पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन नाण्यांना लावला. चुना जराही काठाबाहेर गेला नाही.

तोआयनं नाणी दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. “दादा, मी तोआय. आईला घेऊन आलोय. घरी चल.”

नाणी ताटलीत खणखणली. दोन्ही काळी.

“पुन्हा टाक,” कुणीतरी म्हणालं. “लांबून आलोय, ओळखलं नसेल.”

दोन्ही काळी.

तिसऱ्यांदा तोआयचा आवाज चिरकला. “दादा, आईकडे तरी बघ.” एक नाणं उभं राहिलं, ताटलीत गरगर फिरलं, आणि ते आडवं पडलं. काळं. दुसरंही काळं.

तीनदा विचारून झालं की उदबत्ती संपेपर्यंत थांबायचं असतं. सगळे थांबले. तोआयची बायको नवऱ्याच्या कानाशी लागली, पण डोंगरावर एवढी शांतता होती की ते सगळ्यांनाच ऐकू आलं. “अहो, तपासणीतच घोळ झाला नसेल ना? आपले भावजी नसतीलच हे. परक्याचं कुणाचं तरी घेऊन जायचो आपण.”

“मग काय करायचं?” तोआय म्हणाला. “आज काही उकरता येणार नाही. परत जाऊ, पुन्हा चौकशी करू, पुढच्या वर्षी…”

“पुढच्या वर्षी तू ये,” लुआ आजी म्हणाली. “मी कशी येऊ? मला आता इथंच कुठंतरी टेकवून जा.”

ती रागानं नाही बोलली. भाजीवालीला नको सांगावं तशी सहज बोलली. हिएननं तिच्या हातांकडे पाहिलं. ते चटईवर उताणे पडले होते, रिकामे. आणि हिएनला उमगलं, आपण आत्ता बोललो नाही तर ही आजी अशाच रिकाम्या हातांनी डोंगर उतरेल.

ती पुढे आली. “त्यांची चूक नाही,” ती म्हणाली. “मी सांगितलं होतं त्यांना.”

“काय सांगितलंस? कुणाला?” तोआयनं विचारलं.

“काकांना. जाऊ नका म्हणून. विचारलं तर नाही म्हणा म्हणून.” पुढचं आणखी अवघड होतं. “सिगरेटीपण दिल्या. तीन. आजोबांच्या.”

सिन आजोबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. कुणीतरी “हे काय भलतंच!” म्हणालं. तोआयच्या बायकोचा चेहरा लाल झाला. पण म्हातारीनं हात वर केला.

“इकडे ये गं. तू कोण?”

“मी हिएन. मी झाडते इथं. दुसरीपासून.”

“सिगरेट ओढायचा तो?”

“माहीत नाही. सगळे शिपायांना देतात.”

“घरी होता तेव्हा नव्हता ओढत. ओढली असती तर कान उपटला असता मी त्याचा.” तिचे काळे दात क्षणभर दिसले. “आणि काय काय दिलंस?”

“पाणी. फुलं. भात कधी कधी.”

“आणि बोलायचीस काय?”

“सगळंच. डुकराच्या पिल्लांचं. आईचं. फोंगच्या दाताचं.”

मागून फोंगनं पटकन तोंड मिटलं.

“म्हणजे चार वर्षं माझ्या पोराशी कुणीतरी रोजचं बोलत होतं,” म्हातारी म्हणाली. “मला वाटायचं, डोंगरात एकटाच पडलाय, नावानंसुद्धा कुणी हाक मारत नसेल. अडतीस वर्षं मला त्याचीच झोप नाही.” तिनं हिएनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात कागदासारखे कोरडे होते. “तुझा राग नाही गं मला. पण तू त्याला शब्दात अडकवलंयस. त्यानं तुझं मीठ खाल्लंय, तो बिचारा काय करणार? ज्यानं अडकवलं त्यानंच सोडवायचं. नाणी तू टाक.”

हिएननं आजोबांकडे पाहिलं.

“नाण्यांना काय कळतं ते मला नाही ठाऊक,” सिन आजोबा म्हणाले. “पण विचारल्याशिवाय कुणाला उचलू नये, आणि खोटं विचारू नये, एवढं कळतं. मनापासून सांगणार असशील तरच टाक.”

मनापासून! तिनं डोळे मिटले. चार वर्षांच्या शनिवारांची तिला आठवण आली. पाऊस, ऊन, झाडू, आणि नेहमी तिथंच असणारा तो दगड. आई परत गाडीत बसून जाते तेव्हा आपल्याला कसं होतं तेही तिला आठवलं. ही आजी अडतीस वर्षं तशीच दारात उभी आहे.

“काका,” ती म्हणाली. तिनं दगडावर हात ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. “काका, मी त्या दिवशी बोलले ते परत घेते. सिगरेटी तुमच्याकडेच राहू द्या. तुमची आई आलीय. लांबून आलीय. तुम्ही जा. मी रागावणार नाही. थोडी रडेन, पण रागावणार नाही.”

तिनं नाणी टाकली.

एक थेट पडलं. काळं. दुसरं ताटलीच्या काठावर आपटलं, उडालं, गोल गोल घरंगळत तिच्या पायापाशी आलं आणि आडवं झालं. पांढरं.

कुणी ओरडलं नाही, टाळी वाजवली नाही. सोळाशे धुरांच्या खाली सगळी माणसं तशीच बसून राहिली. मुलांनो, ते नाणं तसं का पडलं, असं तुम्ही मला विचाराल. मला ठाऊक नाही. तिथं बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तोआयनं कपाळ जमिनीला टेकवलं, मग त्याच्या बायकोनं, मग मास्तरांनी, आणि बघता बघता अकराव्या ओळीतलं एकही माणूस ताठ उरलं नाही.

हाडांवर ऊन पडू नये म्हणून चार माणसांनी वर ताडपत्री धरली. सिन आजोबा स्वतः खाली उतरले. कुदळ त्यांनी थोडीच वापरली, नंतर हातांनीच माती काढली. हाडं निघाली ती त्यांनी सुगंधी पाण्यानं धुतली, पायापासून डोक्यापर्यंत नीट क्रमानं लाल कापडात मांडली. बुटाचा एक रबरी तळ निघाला. ॲल्युमिनियमचा एक कंगवा निघाला, दाते घासून घासून हातानं केलेला. लुआ आजीनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि थोडं वरखाली करून पाहिलं.

“जन्मला तेव्हा याहून जड होता,” ती म्हणाली. मग कंगवा बाहीनं पुसून कापडाच्या घडीत सरकवला. “केसांची फार हौस होती मेल्याला.”

उतरताना गाठोड्यावर काळी छत्री धरली होती. गाडीपाशी पोचल्यावर म्हातारी हुश्श करून सीटवर टेकली आणि तोआयला म्हणाली, “पूल किती आहेत रस्त्यात?”

“मोजले नाहीत, आई. पुष्कळ. इथून तालुक्यापर्यंतच पाच असतील.”

“प्रत्येक पुलावर हाक मारावी लागेल. नाहीतर पाण्याला बिचकून मागे राहील तो. माझा आवाज तर गेला. तू मारशील?”

“मारेन की.”

“तुझा आवाज ओळखेल का? तो गेला तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास, बेडकासारखा बोलायचास.”

म्हातारीनं खिडकीतून हिएनकडे पाहिलं. तिनं काही मागितलं नाही. नुसतं पाहिलं.

“आजोबा,” हिएन म्हणाली, “तालुक्यापर्यंतच. पाच पूल.”

“तिथून परत कशी येशील?”

“तुम्ही मोटारसायकलवर मागून या ना.”

“माझ्या सिगरेटी चोरतेस आणि वर मलाच कामाला लावतेस,” आजोबा म्हणाले. पण ते आधीच किल्ली शोधत होते.

हिएन गाडीत चढली. लाल गाठोड्याला धक्का लागणार नाही अशी, आजीला खेटून बसली. तोआयनं पुलांवरून पाण्यात टाकायला तिच्या हातात चिल्लर दिली. गाडी शाळेवरून गेली, भातखाचरांवरून गेली, आणि वळण संपताच ओढ्यावरचा पहिला लाकडी पूल समोर आला. ड्रायव्हरनं वेग कमी केला. हिएननं काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, एक नाणं पाण्यात टाकलं आणि डोंगराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, “ख्वे काका! पूल आलाय. खाली पाणी आहे, पण खोल नाही. घाबरू नका. माझ्या मागून या.”